स्पॉन्सरशिपचा कागद मुलीच्या हातात द्या

परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न झाले की मुलीच्या माहेरी कागदांची धावपळ सुरू होते. पासपोर्ट, जन्मदाखला, पोलीस क्लिअरन्स, निकाहनाम्याचा इंग्रजी तरजुमा, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. मुलाकडून त्याचे टॅक्सचे कागद, पगाराच्या स्लिपा, कंपनीचे पत्र. हे सगळे एजंटकडे नाहीतर मुलाच्या मोठ्या भावाकडे जाते. ज्या मुलीच्या नावाने फाइल उघडली आहे, तिला मात्र त्यातला नवऱ्याच्या बाजूचा एकही कागद वाचायला मिळत नाही. "तुला काय करायचंय? इंटरव्ह्यूला विचारतील तेवढं खरं सांग," इतकेच तिला सांगितले जाते.

ही पद्धत चुकीची आहे, आणि ती आपण बदलली पाहिजे. अमेरिकेचे उदाहरण घेऊन बोलतो, कारण तिथल्या फाइलमध्ये असा एक कागद असतो जो थेट मुलीच्या हक्काचा आहे आणि तो तिच्यापासूनच लांब ठेवला जातो.

बायकोला बोलवायचे तर उत्पन्न दाखवावे लागते, हे आपल्या लोकांना नवीन नाही. कोकणातल्या कित्येक घरांनी आखातातली ही अट पाहिलेली आहे. संयुक्त अरब अमिरातीत बायकोला फॅमिली व्हिसावर न्यायला महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय लागते. ब्रिटनने २०१२ मध्ये वर्षाला १८,६०० पौंडांची अट घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० वर नेली. त्यामुळे स्पॉन्सरशिप म्हणजे पगाराचा आकडा जुळवणे, असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. आकडा जुळला, व्हिसा लागला, फाइल कपाटात.

अमेरिकेचा कागद याहून वेगळा आहे. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवरा बायकोला कायमच्या वास्तव्यासाठी नेतो तेव्हा त्याला आय-८६४ नावाचा फॉर्म भरून सही करावी लागते. १९९६ च्या कायद्याने तो आजच्या रूपात आला. सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न त्यात दाखवावे लागते. २०२५ च्या आकड्यांनी नवरा-बायको दोघांच्या घराला ते वर्षाला २६,४३७ डॉलर होते. घरात मुले असतील, आधी कोणाला स्पॉन्सर केले असेल, तर आकडा वाढतो. इथपर्यंत आपले एजंट बरोबर सांगतात.

पुढचे ते सांगत नाहीत. तो फॉर्म नुसता उत्पन्नाचा दाखला नसून कायद्याने बांधणारा करार आहे. या बाईला मी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही, असे सही करणारा त्यात लिहून देतो. बायकोला ग्रीन कार्ड मिळाले की त्या दिवसापासून करार लागू होतो. नवऱ्याने पाळला नाही तर बायको स्वतः कोर्टात जाऊन तो वसूल करू शकते. ती अमेरिकन नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, ग्रीन कार्ड सोडून ती देशाबाहेर निघून गेली, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तर जबाबदारी संपते. या यादीत तलाक नाही. तलाक झाला तरी करार उभा राहतो. लग्नाआधी बायकोकडून "मी काही मागणार नाही" असे लिहून घेतले तरी तो मोडत नाही, असे तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे.

एकट्या बाईसाठी २०२५ चा हा आकडा वर्षाला १९,५६२ डॉलर होता. ती स्वतः कमावत असेल तर कमी पडेल तेवढाच फरक मागता येतो. म्हणजे ही चैन नाही, तळाला ताणलेली जाळी आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला खोलीचे भाडे आणि रेशन भागवता येईल एवढीच. पण त्या रात्री ती आहे की नाही, याने फार फरक पडतो.

आता आपल्याकडचा करार बघू. निकाह हा करार आहे, संस्कार नाही, हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. ते खरे आहे. मग त्या कराराचे आपण काय केले? काझीसाहेब मेहर विचारतात आणि वडीलधारे चारचौघांत लाजत एक आकडा सांगतात. कुठे ७८६, कुठे ५,०००. अटींसाठी जागा असलीच तर तिथे आडवी रेघ मारली जाते. मी उर्दू शिकवतो म्हणून एक गोष्ट मला फार टोचते. ताबडतोब द्यायच्या मेहरचा शब्द आणि मागाहून द्यायच्या मेहरचा शब्द कानाला जवळपास एकच वाटतो, मुअज्जल. एकात ऐन आहे, दुसऱ्यात वाववर हमजा. त्या एका अक्षराने रोख आणि उधार ठरते. आपल्या किती मुलींना आपल्या निकाहनाम्यात कोणते अक्षर आहे हे ठाऊक असते? देवनागरीत लिहिलेल्या निकाहनाम्यात तर तो फरकही दिसत नाही.

म्हणजे एका हातात आपण न वाचलेला निकाहनामा ठेवतो आणि दुसऱ्या हातातला आय-८६४ तिला दाखवतही नाही. दोन्ही करार तिच्याच पोटापाण्याचे आहेत.

यावर तीन उत्तरे नेहमी मिळतात.

पहिले, "असे कागद मागितले तर मुलाकडच्यांना संशय वाटेल, इज्जतीचा प्रश्न आहे." मग तोच मुलगा आपले टॅक्सचे कागद अमेरिकन सरकारला देतो, कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्यापुढे ठेवतो, एजंटला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. तिथे त्याची इज्जत कुठे जात नाही. जी त्याच्याबरोबर आयुष्य काढणार तिने बघितले की मात्र जाते? कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हेच सांगते. लिहून ठेवणे हा अविश्वास असता तर तो हुकूम आला नसता.

दुसरे उत्तर, "शरीअतने बाईला सगळे दिले आहे, अमेरिकेच्या कागदाची गरज काय?" शरीअतने नफका नवऱ्यावर टाकला, हे खरेच. सूरह निसामध्ये पुरुषाच्या जबाबदारीचा संबंध त्याच्या खर्चाशीच जोडला आहे. पण शिकागोत किंवा न्यू जर्सीत नवऱ्याने हात वर केले तर तो नफका वसूल कोण करून देणार? गावची जमात? मुलाच्या चुलत्याचा फोन? शरीअतने दिलेला हक्क प्रत्यक्ष हातात पडायला साधन लागते. हा कागद ते साधन आहे.

तिसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ते दिनदार माणसेही देतात. "इद्दत संपल्यावर नफका नाही, मग तलाकनंतर पैसे घेणे जायज कसे?" हा वाद आपल्याला १९८५ च्या शाहबानो निकालापासून माहीत आहे. १९८६ चा कायदा झाला, २००१ मध्ये दानियल लतिफी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ लावला, आणि जुलै २०२४ मध्ये तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी कायद्याच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते असे पुन्हा सांगितले. त्या वादात आज शिरण्याची गरज नाही, कारण आय-८६४ चा मामला वेगळा आहे. ही पोटगी कोणा न्यायाधीशाने त्याच्यावर लादलेली नाही. बायकोला आणता यावे म्हणून त्याने स्वखुशीने लिहून दिलेला वायदा आहे. सूरह माइदाची सुरुवातच केलेले करार पाळा या हुकमाने होते. व्हिसा मिळवताना सही करायची आणि देण्याची वेळ आली की शरीअत आठवायची, ही दिनदारी नाही, पळवाट आहे.

आता मुलांच्या बाजूचेही बोलले पाहिजे. ही अट गरिबाला जड जाते. टॅक्सी चालवणारा, पेट्रोल पंपावर उभा राहणारा मुलगाही बायकोबरोबर राहण्याचा हक्कदार आहे. एखाद्याचे उत्पन्न दोन हजार डॉलरने कमी पडले म्हणून त्याचे लग्न कमी दर्जाचे ठरत नाही. कायद्याने वाट ठेवली आहे ती अशी: अमेरिकन नागरिक असलेल्या नवऱ्याला कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, किंवा दुसरा जॉइंट स्पॉन्सर उभा करता येतो.

पण या दोन्ही वाटांवर आपण घाण करून ठेवली आहे. बहिणीच्या नवऱ्याकडून पैसे घेऊन महिनाभर खात्यात ठेवायचे आणि स्टेटमेंट काढून परत करायचे, याला काही एजंट "बॅलन्स लावणे" म्हणतात. सरकारपुढे खोटे दाखवणे हा तिथे गुन्हा आहे, आणि पकडले गेले तर व्हिसा अडकतो तो मुलीचा. वर्षानुवर्षे रोखीत कमावून टॅक्स कमी दाखवणाऱ्याला बायकोला बोलवताना उत्पन्न कमी पडते, तेव्हा तो कायद्याला शिव्या देतो. आणि जॉइंट स्पॉन्सर म्हणून ज्या मामूला "फक्त एक सही" म्हणून बसवतात, त्याला कोणी सांगत नाही की नवऱ्याइतकाच तोही बांधला गेला. उद्या तलाक झाला तर बाई त्याच्याकडूनही मागू शकते. मामूला अंधारात ठेवणे हीसुद्धा फसवणूकच.

मुलीच्या आईबापांनी आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मुलगा एच-१बी वर असेल आणि मुलगी एच-४ वर जाणार असेल, तर तो कायमच्या वास्तव्याचा व्हिसा नाही, आणि त्यात आय-८६४ नसतोच. "अमेरिकेचा मुलगा" या दोन शब्दांत हे दोन्ही प्रकार आपण एकत्र करतो. तिचा निकाहनामा तर दुप्पट काळजीने लिहिला पाहिजे, कारण तिच्याकडे दुसरा कागद नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. बायकोला "सुट्टीला" इथे आणायचे, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड काढून घ्यायचे आणि एकट्यानेच परत जायचे, हा प्रकार आपल्या समाजाने पाहिलेला आहे आणि इतरांनीही. री-एन्ट्री परमिटशिवाय वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिले तर ग्रीन कार्डावर परत जाणे अवघड होते. ग्रीन कार्ड गेले की करारही गेला. तिला हे माहीत असेल तर ती पहिल्याच महिन्यात हालचाल करील. माहीत नसेल तर वर्षभर सासरच्या फोनची वाट बघत बसेल.

म्हणून मागणी साधी आहे. व्हिसाची फाइल जाण्याआधी मुलीने नवऱ्याचा आय-८६४ पूर्ण वाचावा, इंग्रजी कच्चे असेल तर कोणाकडून तरी समजून घ्यावा. सही केलेली एक प्रत तिच्याकडे राहावी, दुसरी माहेरी. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, निकाहनामा यांचे फोटो तिच्या स्वतःच्या ई-मेलवर असावेत, ज्याचा पासवर्ड फक्त तिला माहीत असेल. काझीसाहेबांनी मेहर वाचताना तो रोख की उधार हे मुलीला समजेल अशा भाषेत विचारावे. मराठीत विचारले तर निकाह मोडत नाही. आणि आपल्या शाळांमध्ये दहावीच्या मुलींना अर्ज लिहायला शिकवतो तसे करार वाचायलाही शिकवावे.

ज्याला बायकोला जपायचे आहे, त्याला यातले काहीही जड जाणार नाही. सही त्याने केलीच आहे. तिची प्रत बायकोला देताना त्याचा हात का थांबतो, हे मुलीकडच्यांनी रुखसतीपूर्वी विचारावे. विमानतळावरून विचारायला उशीर झालेला असतो.