विश्लेषण : हाताची सूज मोबाइल कशी मोजणार?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईत होते. हात सुजू लागतो तो मात्र कुरुंदवाडला घरी परतल्यावर. कधी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. शिरोळ तालुक्यातील कर्करुग्णांची चर्चा होते, या सुजेची फारशी होत नाही.

सूज का येते?

काखेतील लसिका ग्रंथी काढल्या किंवा रेडिएशनने निकामी झाल्या, की द्रव वाहून जाण्याची वाट अडते आणि तो हातात साचतो. हाच लिम्फेडेमा. हत्तीरोगातही वाट अशीच अडते. तिथे कारण डासांमार्फत शिरणारे जंत असतात. सुरुवातीला दाबपट्टी आणि व्यायामाने सूज आटोक्यात राहते. पुढे ऊती कडक झाल्या, की ती पूर्ण उतरत नाही.

मोबाइल काय करतो?

एरवी ठरावीक अंतरावर टेपने घेर मोजून हाताचे आकारमान काढतात. दोन हातांत सुमारे २ सेंटीमीटर किंवा २०० मिलिलिटरचा फरक दखलपात्र मानतात. टेप मात्र एकाने घट्ट धरली, दुसऱ्याने सैल, की आकडा बदलतो. हात पाण्यात बुडवून सांडलेले पाणी मोजणे अचूक, पण वेळखाऊ. जखम असल्यास अशक्यच. मोबाइलचा खोली मोजणारा सेन्सर हाताभोवती फिरवला, की त्याची त्रिमितीय प्रतिमा तयार होते. श्रीलंकेतील हत्तीरोगाच्या रुग्णांवरील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयपॅडला इन्फ्रारेड सेन्सर जोडून पाय मोजले. त्याला दोनेक मिनिटे लागली, पाण्याच्या पद्धतीला सुमारे १७.

अडचण कुठे?

आयफोनमध्ये २०२० पासून आलेला लायडर सेन्सर महागड्या मॉडेलपुरताच आहे. आशाताईंच्या फोनमध्ये तो नसतो. शिवाय स्कॅन आकार सांगतो, कारण नाही. हात एकाएकी सुजला तर रक्ताची गुठळी किंवा उलटलेला कर्करोगही असू शकतो. उसाच्या पाल्याने ओरखडा उठून हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर तो संसर्ग असू शकतो. तेव्हा मोजत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

खरी उणीव पहिल्या नोंदीची आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा तो हात मुळातच थोडा जाड असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचे माप नसेल तर महागडे स्कॅनही कशाशी ताडून पाहणार? ते माप साध्या टेपनेही घेता येते. पुढे घरच्याच एकाने, त्याच खुणांवर, ठरल्या वेळी मोजून वहीत लिहिले, तरी वाढ लक्षात येते.