विश्लेषण : खोल समुद्रात साप चावला तर? मिरकरवाड्याच्या नेपाळी खलाशासाठी उपचार इतके दूर का?

नेपाळला समुद्र नाही. तरीही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या यांत्रिक नौकांवर जाळे ओढणाऱ्यांत नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने असतात. पावसाळी मासेमारी बंदी संपत आली की ते येतात, हंगाम आटोपला की गावी परततात. गावाकडचा नाग किंवा मण्यार त्यांना ऐकून तरी माहीत असतो. मासळीबरोबर डेकवर येणारा चपट्या शेपटीचा साप मात्र पूर्ण अनोळखी. तो चावलाच, तर तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असते, देशात सहज मिळणारे सर्पदंशावरचे औषध या विषावर चालत नाही आणि रुग्ण परक्या देशाचा नागरिक असतो. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. त्या आराखड्यात समुद्रावरच्या खलाशाची जागा कोणती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

साप जाळ्यात येतो कसा?

समुद्रसाप माणसाच्या मागे लागत नाही. तो लहान माशांवर जगतो आणि श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतो. मासे जिथे, तिथे साप आणि तिथेच जाळे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर दक्षिण फाउंडेशनच्या संशोधकांनी मासेमारीत सापडणाऱ्या समुद्रसापांचा अभ्यास केला आहे. तिथल्या जाळ्यांत प्रामुख्याने दोन जाती आढळतात. त्यांतली हायड्रोफिस शिस्टोसस ही चोचीसारख्या तोंडाची जात जगभरातील समुद्रसाप-दंशांत सर्वाधिक बदनाम आहे. दुसरी हायड्रोफिस कर्टस.

दंश होतो तो बहुतेक वेळा जाळे रिकामे करताना किंवा मासळी निवडताना. ढिगात हात घातला जातो, अंधार असतो, घाई असते. साप आणि वाम यांत घोटाळा होणे अगदी स्वाभाविक आहे. शेपूट पाहिली तर फरक कळतो: समुद्रसापाची शेपूट वल्ह्यासारखी दोन्ही बाजूंनी चपटी असते. पण पहाटे तीन वाजता डेकवर शेपूट पाहत कोण बसतो? मेलेला वाटणारा सापही चावू शकतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

चावल्याचे कळत का नाही?

पाकटाचा काटा लागला किंवा शिंगाळ्याने टोचले, तर माणूस कळवळतो. सगळी नौका गोळा होते, गरम पाण्यात हात बुडवला जातो आणि त्याने खरेच आराम पडतो, कारण माशांचे ते विष उष्णतेने निकामी होते. समुद्रसापाचे नेमके उलट आहे. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळपास येत नाही, दातांच्या खुणा बारीक टोचल्यासारख्या दिसतात. काटा लागला असेल म्हणून खलाशी कामाला लागतो. गरम पाण्याचा इथे काही उपयोग नाही.

विष अंगात उतरले असेल, तर अर्ध्या तासापासून काही तासांत अंग दुखू लागते. मान, पाठ, मांड्या आखडतात. जबडा उघडत नाही, दातखीळ बसल्यासारखे होते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. पुढे लघवीचा रंग काळपट तांबडा होतो. ही खूण सर्वांत महत्त्वाची. विषाने स्नायू विरघळू लागतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तातून मूत्रपिंडांत जाते आणि ती बंद पडू शकतात. त्याच वेळी रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय थांबण्याचा धोका असतो, तर श्वसनाचे स्नायू लुळे पडल्यास गुदमरून मृत्यू येतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक दंशात विष सोडले जात नाही. डॉ. अ‍ॅलिस्टर रीड यांनी मलायातील पेनांग इथे १९५० आणि ६० च्या दशकांत समुद्रसाप-दंशाच्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. रुग्णांत मच्छीमारच अधिक होते आणि बहुतेकांना गंभीर विषबाधा झाली नव्हती. हा दिलासा आहे, तसाच सापळाही. ‘मागच्या वर्षी त्यालाही चावला होता, काही झालं नाही’ या अनुभवावर नौका मासेमारी चालूच ठेवते.

‘सापाची लस’ का चालत नाही?

सरकारी रुग्णालयांत मिळणारे प्रतिविष, ज्याला बोलीत सापाची लस म्हणतात, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून बनवले जाते. समुद्रसाप त्यात नाही. त्यामुळे त्याच्या दंशावर या बाटल्या रिकाम्या करून फायदा अपेक्षित नाही. उलट प्रतिविषाची तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवण्याचा धोका मात्र राहतो. समुद्रसापावरचे वेगळे प्रतिविष ऑस्ट्रेलियात तयार होते. गंमत अशी, की ते बनवण्यासाठी वापरले जाणारे विष हायड्रोफिस शिस्टोससचेच, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरही सापडणाऱ्या जातीचे आहे.

प्रतिविष नाही म्हणजे उपचार नाही, असे मुळीच नाही. सलाइन देऊन मूत्रपिंडे वाचवणे, पोटॅशियमवर लक्ष ठेवणे, गरज पडल्यास डायलिसिस आणि श्वास मंदावला तर व्हेंटिलेटर, एवढ्यावर रुग्ण तरू शकतो. म्हणून खलाशासाठी ‘लस कुठे मिळेल’ यापेक्षा ‘डायलिसिस आणि व्हेंटिलेटर कुठे आहे’ हा प्रश्न जास्त कामाचा.

डॉक्टरांपुढेही पेच असतो. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय आला की रक्त २० मिनिटांत गोठते का, हे काचेच्या नळीत पाहतात. समुद्रसापाच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठते. सूज नाही, वेदना नाही, रक्त ठीक. ‘बिनविषारी’ म्हणून रुग्णाला घरी धाडण्याची चूक इथेच होऊ शकते. साप समुद्रात चावला हे रुग्णाने किंवा तांडेलाने स्पष्ट सांगितले, तर लघवी, पोटॅशियम, क्रिअ‍ॅटिनिन आणि स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी होईल. पण रुग्णाला मराठी येत नसेल आणि सोबत कोणी नसेल, तर हे सांगणार कोण?

औषध असूनही जीव जातो का?

जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, ग्रूट आयलंडजवळ कोळंबी पकडणाऱ्या ट्रॉलरवर जाळे ओढताना एका ब्रिटिश तरुणाला समुद्रसाप चावला. तोही परदेशात काम करायला आलेला. समुद्रसापाचे प्रतिविष ज्या देशात बनते, त्याच देशात तो होता. तरीही त्याला वाचवता आले नाही. समुद्रसापाच्या दंशाने मृत्यू होण्याची घटना ऑस्ट्रेलियात कित्येक दशकांनी घडली होती. औषध देशात असणे आणि ते डेकपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिरकरवाड्याचे गणित यापेक्षा सोपे नाही. ताशी सात-आठ सागरी मैल वेगाने येणारी नौका ३० सागरी मैलांवर असेल, तर बंदर गाठायला चार तास लागतात. त्यात जाळे पाण्यात असेल तर ते ओढायचा वेळ वेगळा. बंदरापासून जिल्हा रुग्णालय शहरातच आहे. शेवटचे काही किलोमीटर हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो ‘परत फिरा’ हे कोण आणि कधी ठरवतो याचा. डिझेल, बर्फ, रेशन यांवर पैसा घालून निघालेली फेरी एका बारीक खुणेसाठी अर्ध्यावर सोडायची, हा निर्णय तांडेलाला मालकाला विचारून घ्यावा लागतो. दुखत नसलेल्या जखमेसाठी तो आग्रह धरणे नव्या, परप्रांतीय नव्हे तर परदेशी मजुराला सोपे नसते.

नौकेवर पहिल्या तासात काय करता येते?

घाबरून धावपळ नको. जखमीला आडवे करून हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, कडे काढून घ्यावे. दोरीने घट्ट आवळणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष चोखणे आणि दारू पाजणे, यांतले काहीही करू नये. साप सोबत आणायची गरज नाही, मोबाइलवर फोटो पुरे. चावल्याची वेळ आणि लघवीचा रंग लक्षात ठेवला तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

आणि मदत लगेच मागावी, लक्षणांची वाट पाहू नये. तटरक्षक दलाचा शोध व बचाव क्रमांक १५५४ आहे. व्हीएचएफ संचावर १६ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी राखीव असते. रत्नागिरीत तटरक्षक दलाचे ठाणे आहे. मोबाइलची रेंज संपते तिथे ट्रान्सपाँडर कामी येतो. पालघरमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेचा प्रारंभ झाला, तिच्यात देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पाठवण्याची सोय त्यात आहे. वादळाच्या इशाऱ्यासाठी त्याची चर्चा होते. सर्पदंशासाठीही तो तितकाच उपयोगी आहे. बंदरात १०८ ची रुग्णवाहिका आधीच बोलावून ठेवली तर आणखी अर्धा तास वाचतो.

परदेशी खलाशाला रुग्णालय नाकारू शकते का?

सरकारी रुग्णालय नाकारू शकत नाही. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचा हक्क ‘नागरिका’ला नव्हे, तर ‘व्यक्ती’ला दिलेला आहे. तातडीचे उपचार नाकारणे हा या हक्काचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात स्पष्ट केले. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी नागरिक इथे राहू आणि काम करू शकतात. तेव्हा आधार कार्ड नाही म्हणून उपचार थांबवणे बेकायदा आहे.

अडचण पुढे येते. रुग्णाला खासगी अतिदक्षता विभागात किंवा कोल्हापूर, मुंबईला हलवायची वेळ आली की खर्चाचा प्रश्न उभा राहतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका किंवा राज्यातील रहिवासाचा पुरावा लागतो. हंगामी नेपाळी खलाशाकडे तो सहसा नसतो. मायदेशाकडूनही फारसे कवच नाही. आखातात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला श्रमपरवाना घ्यावा लागतो आणि त्यासोबत विमा व कल्याण निधीचे संरक्षण येते. भारतात येताना तो परवाना लागत नाही, म्हणून संरक्षणही नाही. उरतो नौकामालक. अनेक मालक आपल्या माणसासाठी खिशातून खर्च करतात, पण ते त्यांच्या चांगुलपणावर आहे, करारावर नाही.

कोकणातल्याच एका तुलनेने हा फरक ठळक होतो. रत्नागिरीचा तरुण व्यापारी जहाजावर चढतो, तेव्हा त्याला २००६ च्या सागरी कामगार कराराचे संरक्षण असते. भारताने २०१५ मध्ये तो मान्य केला आहे. जहाजावर औषधपेटी, रेडिओवरून मोफत वैद्यकीय सल्ला, परदेशी बंदरात डॉक्टर आणि आजारपणाचा खर्च मालकाकडे, हे त्याचे हक्क. मासेमारी नौका मात्र या करारातून वगळल्या आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८८ क्रमांकाचा वेगळा करार २०१७ पासून लागू आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही.

नोंद झाल्याने काय बदलेल?

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. मार्च २०२४ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय कृती आराखडा आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना देण्यात आली. चर्चेचा रोख साहजिकच शेत, घर आणि पायवाटेवर आहे. समुद्रातल्या दंशाची वेगळी नोंद ठेवली, तरच समुद्रसापाचे प्रतिविष किनारी जिल्ह्यांत ठेवावे का, याचा निर्णय आकड्यांवर घेता येईल.

नोंदीची ताकद कोकणाने पाहिली आहे. लाल विंचवाच्या दंशाने रायगडमध्ये माणसे मरत होती, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एकेका रुग्णाची लक्षणे लिहून ठेवली. त्यातूनच पुढे प्राझोसिन या साध्या औषधाचा उपचार रुजला. त्या गोळीसाठी नवे संशोधन केंद्र उभारावे लागले नव्हते.

मिरकरवाड्यात सुरुवात करायची तर वेळ ठरलेली आहे. मासेमारी १ ऑगस्टला खुली होते आणि खलाशी बंदरात एकत्र सापडतात ते त्याआधीचे काही दिवस, जाळी दुरुस्त होत असताना. एकदा नौका सुटल्या की ते पांगतात. चपट्या शेपटीचा फोटो, काळपट लघवीची खूण आणि १५५४ हा आकडा नेपाळी भाषेत छापून केबिनमध्ये चिकटवायला तेवढे दिवस पुरतात.