न तपासता इंजिन उघडणं बंद करा

‘दुसरा गिअर सटकतोय’ एवढं एक वाक्य गॅरेजच्या दारात बोललात की उत्तर तयार असतं: ‘फुल इंजिन करावं लागेल.’ गाडी कुणी चालवून बघितलेली नसते. क्लचची केबल हाताने हलवून पाहिलेली नसते. ऑईल कुठलं टाकलं, शेवटचं कधी बदललं, नदीतून गाडी काढली होती का, यातलं काहीही विचारलेलं नसतं. तरी पाने काढायला सुरुवात झालेली असते. मातीत, चिखलात, घाटाच्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या मोटारसायकली दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि हा प्रकार मी इतका पाहिला आहे की याला सवय म्हणायला मी आता तयार नाही. ही लूट आहे. जिथे लूट नाही तिथे आळस आहे, आणि गाडीच्या मालकाला दोन्हींचं बिल सारखंच येतं.

मी एवढं कडक बोलतो याचं कारण गिअरबॉक्सच्या रचनेतच आहे. मोटारसायकलमध्ये गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. पायाने लिव्हर दाबली की आतला ड्रम एक घर फिरतो, ड्रमवरच्या वळणदार खाचा फोर्कला बाजूला सरकवतात, फोर्क गिअरला ढकलतो आणि त्या गिअरच्या अंगावरचे जाड ठोकळे, ज्यांना सगळे डॉग म्हणतात, शेजारच्या गिअरच्या खाचेत जाऊन बसतात. सगळी ओढ या डॉगवर येते. त्यांचे कोपरे गोल झाले की जोर पडताच गिअर बाहेर ढकलला जातो, तो धक्का फोर्कला सोसावा लागतो आणि फोर्क वाकतो. तसं झालं असेल तर इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. एका सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांची केस उभी दुभागते. गिअरला हात लागण्याआधी इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं, हेड, सिलिंडर, मॅग्नेट, क्लच सगळं सुटं करावं लागतं. पण हीच लक्षणं इतर अनेक कारणांनी येतात. त्यातली बरीच कारणं इंजिनाच्या बाहेर असतात. आणखी काही क्लचचं कव्हर काढलं की बहुतेक गाड्यांत समोर दिसतात: शिफ्ट शाफ्ट, त्याची परतीची स्प्रिंग, ड्रमच्या टोकाचा तारा, ताऱ्याच्या खळग्यात दाबून बसणारा रोलर. लिव्हर दाबल्यावर लोंबकळत राहिली, मधे परत आली नाही, तर ती स्प्रिंग बघा. एकच नाही तर सगळेच गिअर धड बसत नसतील तर रोलर आणि त्याची स्प्रिंग बघा. यांतल्या कशासाठीही केस फोडावी लागत नाही. जो मेकॅनिक हे न बघता थेट केसवर जातो, त्याने तपास केलेलाच नाही.

सगळ्यांत मोठी गल्लत क्लचपाशी होते. न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकताना गाडी पुढे झेपावते, दुसरा पडायला जोर लागतो, अशी तक्रार आली की एक साधा प्रश्न विचारायचा असतो: इंजिन बंद असताना न्यूट्रल लागतो का? गाडी किंचित पुढेमागे ढकलत लिव्हर हलवली आणि न्यूट्रल सहज लागला, पण इंजिन चालू केलं की लागत नाही, तर गिअरना दोष देऊ नका. क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचा ढिलेपणा मोजा. केबल तिच्या नळीत चिखलाने जाम झाली आहे का, हँडलवरची लिव्हर पडताना वाकली आहे का, ते बघा. ते सगळं ठीक निघालं तर कव्हर काढा. स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवा आणि फिलर गेज खाली सरकवून बघा. पुस्तकातल्या मापापेक्षा जाड पाती सरकली तर प्लेट तापून वाकली आहे. मग क्लच हाउसिंगच्या बोटांवरून नख फिरवा. फायबर प्लेटांच्या कानांनी तिथे खड्डे पाडले असतील तर नख अडकतं, आणि जिथे नख अडकतं तिथे प्लेटही अडकते. कानशीने ते खड्डे घासून देणारे भेटतील. थोडे दिवस गाडी बरी चालेल, पण घासलेलं हाउसिंग हे खराब झालेलंच हाउसिंग असतं.

चढावर झटके बसतात, ही दुसरी तक्रार. झटक्यानंतर काय होतं हे विचारा. इंजिन मोकळं ओरडत राहिलं आणि लिव्हर पुन्हा दाबेपर्यंत ओढ आली नाही, तर गिअर सुटतोय. खाट् आवाज होऊन ओढ लगेच परत आली, तर आधी चेन बघा. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन बोटाने ओढा. ती दातांवरून बरीच उचलली जात असेल तर चेनसेट संपला आहे. आणि कुठलाही झटका नाही, फक्त आवाज वाढतो, वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. तीन वेगळे आजार, तीन वेगळे खर्च, आणि आपल्याकडे तिन्हींवर एकच औषध.

चेनवरून आणखी एक गोष्ट. मातीतल्या गाडीचं सस्पेन्शन लांब चालीचं असतं. मागचं चाक वर जाताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. त्यासाठी उभ्या गाडीत चेन सैल दिसलीच पाहिजे. शहरातल्या कम्युटर गाडीच्या अंदाजाने ती घट्ट करून दिली, की प्रत्येक उडीला तो ताण गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर जातो. आधी सील गळतं, मग बेअरिंग वाजायला लागतं. म्हणजे धडधाकट गिअरबॉक्स गॅरेजमध्येच बिघडवला जातो.

गिअरच्या लिव्हरबद्दल तर मला संताप येतो. ताम्हिणीच्या बाजूला गाडी चालवणाऱ्या एका तरुणाने त्याची एक्सपल्स माझ्याकडे आणली. फुल इंजिनचं बिल खिशात, आत नवे गिअर, नवा फोर्क, आणि दुसरा गिअर तसाच सटकत होता. गिअरची लिव्हर दगडावर आपटून आत वाकलेली होती. वर उचलताना ती इंजिनच्या कव्हरला अडायची, त्यामुळे ड्रम पुरता फिरत नव्हता आणि डॉग अर्धेच बसत होते. लिव्हर सरळ केली, गाडी बरी झाली. पोराने ज्या इंजिनसाठी पैसे साठवून बिल भरलं, त्या इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. ज्याने ते उघडलं त्याने खाली वाकून डाव्या बाजूला एकदा बघितलंही नव्हतं. पावसाळ्यात लिव्हर आणि कव्हर यांच्यात लाल माती घट्ट बसते, तेव्हाही हेच होतं. लिव्हरचा पकडबोल्ट सैल होऊन आतल्या रेषा झिजल्या तरी हेच. आणि मोटोक्रॉसचे जाड बूट घालणाऱ्यांनी लिव्हर शाफ्टवर बुटाच्या मापाने वर घेऊन बसवली नाही तर पाऊल पुरतं खाली शिरत नाही, गिअर अर्धवट पडतो आणि चांगले डॉग खरोखरच झिजायला लागतात.

आता ऑईल. आपल्याकडे बाटलीवरचा आकडा वाचतात, बाकी काही वाचत नाहीत. 10डब्ल्यू-30 बाईकसाठी मिळतं, 10डब्ल्यू-30 स्कूटरसाठीही मिळतं, आणि दुकानदार जे हाताला लागेल ते देतो. बहुतेक बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. त्याला जपानच्या जासो प्रमाणातलं एमए किंवा एमए2 ऑईल लागतं. एमबी हे घर्षण कमी करणारं ऑईल कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी आहे. ते बाईकमध्ये ओतलं की क्लच घसरू शकतो, आणि मग प्लेटा बदलून, स्प्रिंगा बदलून, शेवटी इंजिन उघडण्यापर्यंत मजल जाते. इंधन वाचवणारं म्हणून विकलं जाणारं कारचं पातळ ऑईलही तसंच. बाटलीच्या मागचं अक्षर वाचायला अर्धं मिनिट लागतं.

आणि ते ऑईल काढताना नीट बघा. इंजिन उघडण्याआधी आतली बातमी देणारी एवढी एकच गोष्ट तुमच्याकडे असते, आणि ती न बघता डब्यात ओतली जाते. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक राखाडी लेप नेहमीच्या झिजेचा आहे, त्याला घाबरू नका. चुंबकाला चिकटणारे टोकदार कण, दाताच्या कोपऱ्याचे तुकडे मिळाले तर डॉग किंवा गिअर तुटतो आहे. तेव्हा इंजिन उघडावंच लागेल. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चमक अॅल्युमिनियमची असते, ती बहुधा क्लच हाउसिंगची किंवा केसची. काळे पापुद्रे दिसले तर क्लचच्या फायबर प्लेटा. ऑईल दुधाळ चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलं आहे: तापलेलं इंजिन नदीत बुडालं, आतली हवा थंड होऊन आकसली आणि ब्रीदरच्या नळीने पाणी ओढलं. या गाडीला दोनदा ऑईल बदलून धुवून काढायची गरज आहे.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. यामाहाच्या वायझेड मालिकेतल्या मोटोक्रॉस गाड्यांच्या मालकाला मिळणाऱ्या पुस्तकातच गिअरबॉक्स सुटा करण्याच्या आकृत्या आणि मापं असतात. आपल्याकडे रस्त्यावर चालणारी ऑफरोड गाडी घेणाऱ्याच्या हातात पडणारं पुस्तक बहुतेक वेळा चेन, केबल आणि ऑईल यांवर थांबतं. फोर्कच्या झिजेची मर्यादा, क्लच प्लेटची जाडी ही मापं वर्कशॉपच्या पुस्तकात राहतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, आणि त्यात वाहनांचं क्षेत्र घेतलं. मग ही मापं मालकाला सहज का मिळू नयेत? माप नसेल तर मेकॅनिक अंदाज सांगतो, आणि त्या अंदाजाचे पैसे मालक भरतो.

पण चालवणाऱ्यांनीही ऐकून घ्यावं. तपासणीचे पाचशे रुपये मागितले की तुम्ही ‘नुसतं बघायचे पैसे कसले?’ म्हणून निघून जाता, आणि पुढच्या गॅरेजात हजारो रुपयांचं इंजिनकाम मुकाट्याने करून घेता. ज्या कामाला तुम्ही पैसे देत नाही ते काम तुम्हाला मिळणार नाही. आवाजाचा व्हिडिओ पाठवून निदान मागणंही थांबवा. न्यूट्रलमध्ये वाजणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबतो का, गिअर ओढ देताना सुटतो की थ्रॉटल सोडल्यावर, एकच सुटतो की सगळे, हे तुम्हीच सांगू शकता. तेवढं सांगितलंत तर अर्धा तपास झालेला असतो.

खरोखर केस उघडावी लागलीच, तर नुसता वाकलेला फोर्क बदलून ती बंद करू देऊ नका. डॉग गोल झालेले असतील तर नवा फोर्कही तसाच वाकेल. गिअर त्याच्या जोडीसकट तपासा, सर्क्लिप नवे घाला, वॉशरच्या क्रमाचा फोटो काढून ठेवा.

पुढच्या वेळी गाडी गॅरेजला नेलीत की ऑईल काढताना समोर उभे राहा. तपासणीचे पैसे वेगळे द्या आणि कारण लिहून घ्या. बदललेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणा. जो माणूस कारण न सांगता इंजिन उतरवायला निघेल, त्याच्याकडून चावी परत घ्या.