दरी उतरताना परतीचे पाणी राखा



उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या एस.टी.त तरुण मुलांचे घोळके दिसतात. पाठीवर पिशवी, गळ्यात दुपट्टा आणि हातात मोबाईल. एके काळी कॅमेरा ही साहेबाघरची वस्तू होती. आपल्याकडे लग्नात फोटोवाला आला की सगळी आळी गोळा व्हायची. आज वीटभट्टीवर राबणाऱ्या बापाच्या मुलाच्या खिशातही कॅमेरा आहे आणि आपला मुलूख आपल्या डोळ्यांनी पाहून टिपावा असे त्याला वाटते. याचा आम्हाला आनंदच आहे. मुलींनाही सोबत न्यावे, असे आम्ही म्हणू. पण भर वैशाखात दरीत उतरायचे तर काही गोष्टी घरातून निघण्याआधीच ठरवाव्या लागतात. आज त्याविषयी.

मेळघाट म्हटला की लोकांना पावसाळ्यातले हिरवे डोंगर आठवतात. वैशाखातला मेळघाट वेगळाच असतो. सागाची पाने गळून रान उघडे पडते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या इथल्या पाच नद्या तापीला मिळतात, पण उन्हाळ्यात त्यांची धार जागोजागी तुटते आणि डोह तेवढे उरतात. लहान नाले तर पार कोरडे पडतात. मग पाण्याने हजारो वर्षे कोरलेली दरी उघडी दिसते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे काळे थर एकावर एक रचलेले, मध्ये पांढरे धोंडे आणि वर पट्टीएवढे आकाश. वाळवंटातल्या दऱ्यांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ओळख पटेल. फोटोचा मोह पडावा असेच हे रूप आहे.

पहिली गोष्ट परवानगीची. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. अभयारण्यात वाटेल तिथून शिरता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. तेव्हा आधी वनखात्याच्या कचेरीत विचारावे. प्रकल्पाबाहेर गावच्या शिवारातल्या दरीत जायचे असले तरी गावात सांगावे आणि गावचाच माणूस सोबत घ्यावा. अस्वल दिवसा अशाच दऱ्यांतल्या कपारीत पडून असते. त्याच्या जागा कोरकू माणसाला ठाऊक असतात, आपल्याला नसतात.

आम्ही चौघे एका वैशाखात धारणीच्या बाजूच्या अशाच एका शिवारात गेलो होतो. सोबत एक वयस्क कोरकू बाबा होते. पाड्यावरच चहापाण्यात वेळ गेला आणि उतरायला आठ वाजले. उतार सोपा होता, सावली होती, गप्पा मारत तासाभरात तळाला पोचलो. पुढच्या वळणाआड मोठा डोह आणि उभा कडा आहे असे कळले. आमच्यातल्या फोटोवाल्या पोराचे पाय शिवशिवू लागले. अर्ध्या तासाची तर वाट! बाबांनी कड्यावर सरकत आलेले ऊन पाहिले, आमच्या बाटल्या पाहिल्या आणि म्हणाले, “उतरून जासान, पन चढतानी पानी कुठून आनसान?”

पोराचे तोंड उतरले, पण आम्ही मागे फिरलो. एका तासात उतरलेली वाट चढायला अडीच तास लागले. निम्म्या चढावर त्याच पोराच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोके गरगरू लागले. त्याला सावलीत बसवले, दुपट्टा भिजवून मानेवर टाकला, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने तो उभा राहिला. त्या वळणापुढे गेलो असतो तर हेच पाणी तिथे संपले असते आणि चढ पुरा बाकी राहिला असता.

बाबांच्या त्या एका वाक्यात दरीचे सगळे शास्त्र आहे. नरनाळ्याचा किंवा गाविलगडचा किल्ला चढताना अवघड काम आधी असते. माणूस सकाळच्या गारव्यात चढतो, दमला तर तिथूनच परततो आणि थकल्यावर उतार वाट्याला येतो. दरीचे उलटे आहे. सोपे काम सकाळी होते आणि पाय थकलेले, पाणी आटलेले, सूर्य डोक्यावर, अशा वेळी चढ समोर उभा राहतो. दरी जाताना बोलावते आणि येताना वसूल करते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या जगप्रसिद्ध दरीतले रक्षकही हेच बजावतात. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात चढ चढू नका, असे ते येणाऱ्यांना सांगतात.

आता उन्हाचे. अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांवर गेला असे आपण वाचतो, तो सावलीतल्या पेटीतला असतो. उन्हातला काळा दगड त्याहून कितीतरी तापतो. दरीत वारा नसतो आणि दोन्ही बाजूंचे कडे भट्टीच्या भिंतीसारखे धग फेकतात. हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराला थंड राहायला घामावाचून दुसरा उपाय उरत नाही. चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून चार तासांच्या फेरीला माणशी चार लिटर पाणी धरावे. वजन होते, पण दुसरा इलाज नाही. त्यातले एक तृतीयांश उतरण्यासाठी आणि दोन तृतीयांश परतीसाठी. परतीची बाटली वेगळी बांधावी आणि तळाला पोचेपर्यंत तिचे झाकण उघडू नये. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून सोबत खारे फुटाणे, चिवडा, भाकरी ठेवावी. साखर-मिठाचे पाणी घरी करता येते. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. रानातल्या डोहावर विसंबू नये. ते पाणी जनावरांचे आहे.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा समज सोडून द्यावा. कांदा भाकरीबरोबर खाल्ला तर पोटाला बरा; खिशातला कांदा काही करत नाही. डोके-कान बांधलेला ओला दुपट्टा, अंगभर सुती कपडे आणि वेळेवर परत फिरणे, हाच खरा उपाय.

गोळे येणे, मळमळणे, चक्कर ही पहिली सूचना. तिथेच थांबावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. मग एक क्षणही न दवडता सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, मानेवर, काखेत, जांघेत पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. दरीत फोनला रेंज नसते. त्यासाठी निघतानाच परतीची वेळ घरी आणि गावात सांगून ठेवावी. आभाळ गडगडले तर कोरडा नालाही सोडून वर यावे, कारण वळवाचा पाऊस डोंगरावर पडतो आणि लोंढा खाली येतो.

आणि फोटो? दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे साडेचारलाच पाडा सोडला. मे महिन्यात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. त्या कड्यावर पहिले तिरपे ऊन आले तेव्हा आम्ही डोहाशी होतो. काळ्या दगडाचा थर न् थर उठून दिसला आणि त्याची सावली पाण्यात उतरली. दुपारच्या फोटोत आकाश पांढरेफटक आणि दरी काळीकुट्ट येते, फोनही तापून बंद पडतो. म्हणजे जिवासाठी जी वेळ चांगली तीच फोटोसाठीही चांगली. फोटोत एखादा सोबती कड्यापाशी उभा करावा, मग उंची कळते. साडेआठला आम्ही वर आलो होतो.

या मुलखातली माणसे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मोह वेचणारी बाई अंधारात निघते. तेंदूपत्ता तोडणारे घरदार पहाटे रानात जाते आणि ऊन चढायच्या आत घरी येऊन सावलीत पुडे बांधते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजणी करते, तीही याच कारणाने. वैशाखात पाणी थोडे, चांदणे भरपूर, आणि दिवसभर सावलीला दडलेले जनावर गारव्यालाच पाण्यावर येते. वाघाला जे कळते ते आपल्याला कळायला हवे.

मुलांना जाऊ द्या, अडवू नका. फक्त निघताना बाटल्या मोजा आणि विचारा: यातले परतीचे पाणी कोणते? त्याचे उत्तर मुलाने न अडखळता दिले, तर निर्धास्त मनाने एस.टी.त बसवून द्या.