अंकुशकृमी : अपकर्षणापाशीच का थांबावे?

दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत सावली दाट व माती ओलसर. अशी माती मलदूषित झाली की तीत अंकुशकृमींच्या अळ्या वाढतात व अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणूनच वाडीकाम करणाऱ्या पांडुरोग्यास नुसते मंडूर देऊन परत धाडणे आम्हांस अपुरे वाटते.

हा कृमी आंत्रास केवळ दंश करीत नाही. तो प्रथिने स्रवतो. त्यांपैकी काही रक्त गोठू देत नाहीत, त्यामुळे कृमीने जागा बदलली तरी जुना व्रण पाझरतच राहतो. काही यजमानाच्या श्वेतपेशींना आवर घालतात. ॲन्सायलोस्टोमा ड्युओडेनेल या जातीच्या एकेका कृमीपायी दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मि.ली. रक्त जाते. प्रतिकार असा दबल्याने कृमी पडून गेले तरी पुनःसंसर्ग सहज होतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात अपकर्षण व प्रकृतिविघात यांसोबत निदानपरिवर्जनही सांगितले आहे. येथे त्याचा अर्थ सरळ आहे : वाडीत पादत्राण, घरी शौचालय.

औषधनिर्मात्या बंधूंसही स्पष्टच सांगतो. वावडिंगाच्या नावाखाली आटकीची फळे बाजारात येतात. तसल्या मालाच्या विडंगारिष्टाने गुण आला नाही, की बोल शास्त्राला लागतो. आणि २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी टाळण्याचा सल्ला आपल्यापैकी कोणीही देऊ नये. विडंग तिच्या तोडीचे आहे असे म्हणावयाचे, तर मलपरीक्षणाच्या नोंदींसह आपणच ते आधी दाखवून द्यावे.