देवाच्या अंगणातील चाफा कोणाचा?

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली कुऱ्हाड अंगणातल्या सोनचाफ्यावर पडते. फरशी बसवायची असते, मोटारींना जागा हवी असते. ठराव एकमताने संमत होतो. ज्याचे झाड, त्याला मात्र कोणी विचारीत नाही.

देवस्थानची जमीन म्हणजे समितीची जमीन, अशी आमच्या कार्यकारी मंडळींची समजूत आहे. कायदा तसे मानीत नाही. १९२५ साली प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, प्रतिष्ठित मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, कोणाच्या घरातील जंगम वस्तू नव्हे; आणि तिचे हित निःस्वार्थ माणसाने तिच्या वतीने मांडावे. २०१९ च्या अयोध्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने रामलल्लाचे असे व्यक्तित्व मान्य केले. मग देवाच्या जमिनीतला चाफा देवाचा, आणि विश्वस्त केवळ वहिवाटदार. अज्ञान मुलाची बाग त्याच्या पालकाने मोटारींसाठी तोडली, तर आपण त्या पालकाला काय म्हणू?

शिवाय कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. काही वगळलेल्या जाती सोडल्यास वृक्षाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. समितीचा ठराव म्हणजे परवाना नव्हे.

पाने पडून कचरा होतो म्हणे! झाडलोटीला माणूस मिळत नाही, पण उद्घाटनाच्या मंडपाला पंचवीस मिळतात. दुसरे म्हणतात, हुबळीत कोप्पीकर रोडवर गेले की हवे ते विकत मिळते, झाड कशाला? सोनचाफा खुडल्यावर लवकरच काळवंडतो. पहाटे झाडावरून थेट गाभाऱ्यात गेलेले फूल आणि पिशवीतून आलेले फूल यांतला भेद पुजाऱ्याला विचारावा.

‘त्याऐवजी कुंडीत चाफा लावला आहे’, असेही समाधान सांगण्यात येते. तो बहुधा खुरचाफा, मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्याशी आमचे वैर नाही. तोही आता देवळांत रुळला आहे. परंतु कानडी मुलखात ज्याला संपिगे म्हणतात तो सोनचाफा सह्याद्रीच्या सदाहरित रानातला. बीपासून वाढवला तर फुलायला आठ-दहा वर्षे घेतो. बंगळूरला मल्लेश्वरम्‌मध्ये संपिगे रोड आहे. नाव जतन करणे नेहमीच सोपे असते.

वार्षिक सभेत असा ठराव आला, तर सभासदांनी वृक्षाधिकाऱ्याचा लेखी परवाना पाहायला मागावा. तो नसेल, तर आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.