पेढीबाहेरची शिल्लक

व्यापारी घरात निवृत्ती हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. नोकरदाराला ठरलेल्या वयात हार घालून घरी पाठवले जाते. आपल्याकडे वडील गादीवरून उठून शेजारच्या खुर्चीवर बसतात, एवढाच फरक. "दुकान हेच आमचे पेन्शन" हे वाक्य म्हणूनच घराघरांत अभिमानाने बोलले जाते. या वाक्याची परीक्षा एकदा आपल्याच वहीच्या आधाराने करून पाहावी.

समजा, वडिलांच्या भांडवल खात्यावर ४० लाख रुपये जमा आहेत. ते आहेत कोठे? काही गोदामातील मालात, काही गिऱ्हाइकांकडील उधारीत, काही जागेच्या डिपॉझिटात. बँकेचे कॅश क्रेडिट घेतलेले असेल तर त्या मालावर बँकेचा हक्क आधी. रक्कम वडिलांची खरीच. परंतु शस्त्रक्रियेच्या दिवशी ती हाती यावी म्हणून कोणाची तरी वसुली व्हावी लागते. भावाभावांत वाटणी निघाली किंवा बाजार बसला, तर व्यवसाय आणि वृद्धापकाळ हे दोन्ही एकाच वेळी अडचणीत येतात. पेढीच्या चढउताराशी ज्याचा संबंध नाही असे उत्पन्न, एवढाच पेन्शन या शब्दाचा व्यापाऱ्यापुरता अर्थ आहे.

या योजनांची भाषा मात्र माणसाला बिचकवणारी असते. बाजारभाव तोंडी सांगणारा गृहस्थ करसवलत, करमुक्त आणि करपात्र या तीन शब्दांपुढे थबकतो आणि मार्चअखेरीस जो कागद पुढे येईल त्यावर सही करतो. वस्तुतः कोणत्याही योजनेला तीनच प्रश्न विचारावेत. पैसे भरताना उत्पन्नातून वजावट मिळते काय? दरसालच्या व्याजावर कर लागतो काय? आणि पैसे काढताना कर द्यावा लागतो काय?

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपण ज्याला पीपीएफ म्हणतो, तो १९६८ पासूनचा आहे. त्यात व्याजावर कर नाही, काढतानाही नाही. भरताना वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात आणि मुदत १५ वर्षांची. व्याजदर सरकार ठरवते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिला. या दराने दर एप्रिलच्या आरंभी दीड लाख भरत गेल्यास साडेबावीस लाखांचे १५ वर्षांत सुमारे ४० लाख ६८ हजार होतात. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरलेल्या रकमेवरच त्या महिन्याचे व्याज मिळते, हा नियम व्याजाचा हिशेब दिवसांवर करणाऱ्या आपल्या मंडळींनीही अनेकदा ध्यानात घेतलेला नसतो.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याच्या विशेष कामाची. या खात्यातील रक्कम खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकमाने जप्त होत नाही. पेढी बुडाली तरी ही शिल्लक उरते. (कराच्या थकबाकीपुढे मात्र तिला ढाल समजू नये.) अविभक्त हिंदू कुटुंबाच्या नावे, ज्यात कायद्याने आपली जैन कुटुंबेही येतात, असे खाते १३ मे २००५ पासून नव्याने उघडता येत नाही. ते व्यक्तीच्याच नावे असावे लागते, आणि मला हे योग्यच वाटते.

नव्या करप्रणालीत भरतानाची वजावट गेली. २०२३-२४ पासून तीच प्रणाली मूळ धरली जाते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला नोकरदारासारखी दरसाल प्रणाली बदलता येत नाही, म्हणून हा निर्णय आपल्या सीएशी बसूनच करावा. पण एकदा नवी प्रणाली स्वीकारल्यावर केवळ कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये विमा पॉलिसी घेण्याला काही अर्थ राहत नाही. वजावट गेली म्हणून बचतही थांबवणे हे त्याहून वाईट.

राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. तिचे पैसे बाजारात गुंततात, परतावा निश्चित नसतो, आणि अखेरीस काही हिस्सा विमा कंपनीकडे कायमचा सोपवून त्या बदल्यात आजन्म ठरावीक रक्कम घ्यावी लागते. या रकमेवर कर लागतो. आपला व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि आपण पगारी संचालक असाल, तर कंपनीने आपल्या नावे भरलेल्या रकमेची, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, वजावट नव्या प्रणालीतही मिळते. भागीदारी पेढीतील भागीदाराला ती नाही, कारण त्याचा मेहनताना कायद्याच्या दृष्टीने पगार नव्हे, धंद्याचे उत्पन्न असते.

आपल्या दुकानातील मुलांचेही पाहावे. अटल पेन्शन योजनेत १८ व्या वर्षी प्रवेश केला तर महिना २१० रुपये भरून ६० नंतर महिना ५,००० मिळतात. तीच रक्कम ४० व्या वर्षी सुरू करणाऱ्याला १,४५४ रुपये पडतात. आयकर भरणाऱ्यांना ती आता खुली नाही, पण आपल्या गुमास्त्याला आहे. त्याला हे समजावून सांगण्यास मालकाचा अर्धा तास पुरतो.

कोणी विचारील, अपरिग्रहाचे अणुव्रत सांगणाऱ्या समाजाने एवढी साठवण का करावी? परिग्रह-परिमाण म्हणजे मर्यादा बांधणे, आणि मर्यादा मोजल्यावाचून बांधता येत नाही. दोघांच्या उतारवयाला महिना किती लागेल हे ज्याने एकदा कागदावर मांडले, त्याला पुरेसे कोठे होते हे कळते. ज्याने मांडले नाही तो भीतीपोटी जमवतच राहतो आणि मुलाला गादी द्यायला कचरतो.

हा हिशेब मांडताना घरातील श्राविकेला शेजारी बसवावे. दागिने तिचे असतात, पण खाते बहुधा नसते. पतीमागे तिला औषधाच्या पैशांसाठीही मुलाकडे किंवा मुनिमाकडे मागावे लागते. तिच्या नावे वेगळे पीपीएफ खाते उघडता येते, त्यात आपण पैसे भरू शकतो, आणि त्याची दीड लाखांची मर्यादा आपल्या खात्याहून स्वतंत्र असते. नामनिर्देशनाचा रकाना भरला आहे की नाही आणि पासबुक कोणत्या कपाटात आहे, हे तिलाही ठाऊक असू द्यावे.